दोन जागा जनतेच्या, दोन मशीनच्या

महापालिकेचा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी समोरच्या सिंधी काकांशी बोलणं सोडलं. तोवर दोघं रोज संध्याकाळी बरोबर फिरायला जात.

कॅम्प पाचमधल्या आमच्या प्रभागात चार जागा. प्रत्येकाने एकाच खोलीत, एकाच वेळी चार बटणं दाबायची. दोन जागा बाबांच्या पक्षाला मिळाल्या, दोन काकांच्या. बाबांच्या अभ्यासानुसार त्यांच्या दोन सुजाण जनतेने दिल्या होत्या आणि उरलेल्या दोन मशीनने खाल्ल्या होत्या. काकांचा अभ्यासही दांडगा.

"अरे साईं, मशीन बिघडलं ते तुमच्या दोन बटणांपुरतंच," ते जिन्यात म्हणाले.

"बिघाड तुमच्या डोक्यात आहे," म्हणत बाबांनी दार लावून घेतलं.

लोकशाहीची इतकी बारीक काळजी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पुढे काही महिन्यांनी बाबा गेले. अबोला सुटलाच नव्हता. काका खांदा द्यायला आले. दहाव्याला मला हळूच म्हणाले, "बेटा, त्याच्या दोन्ही जागा खऱ्या होत्या. त्याला सांगायचं राहिलं."

बाबांनी काकांची एकही जागा मान्य केली नसती, हे मी बोलून दाखवलं नाही.

आता काका अधूनमधून आमच्याकडे येऊन बसतात. मला राजकारणातलं फारसं कळत नाही, त्यामुळे आम्ही बहुतेक वेळ गप्पच असतो.