आबांसाठी मंद आचेवरचं मटण

लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज माझ्या वडिलांइतका कडक कुणी पाळला नसेल. विहिरीवरच्या मोटारीचं सामान घ्यायला आबा बावड्याहून बारामतीला आले की आमच्या खोलीवर यायचे, पण चहा स्टँडसमोरच्या टपरीवर पिऊन. पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता, आणि आता आशा धरू नका असं डॉक्टरांनी नुकतंच सांगून टाकलं होतं. माहेरी मी हे कळवलं नव्हतं. कळवायचं म्हणजे आबांना सांगायचं, की तुम्ही आता माझ्या घरी कधीच जेवणार नाही.

आमच्या ह्यांनी त्यावर तोड काढली. एमआयडीसीत ह्यांच्याबरोबर कामाला असलेल्या एकाच्या भावानं मस्कतहून विजेवर चालणारं भांडं आणलं होतं. आत जड मातीचं पातेलं, वर काचेचं झाकण. सकाळी मटण घातलं की दुपार कलेपर्यंत मंद आचेवर शिजत राहायचं. ते ह्यांनी मागून आणलं. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं हिंडलेलं, आबांचा जीव मटणावर. दिवसभर वास सुटला की सासरे आपोआप विरघळतील, असा ह्यांचा हिशेब. नुसत्या वासानं रिवाज मोडत असते तर काय हवं होतं! माझ्या हातचं मटण तसंही वाईट नव्हतं.

त्या दिवशी ह्यांनी रजा टाकली. हळद, मीठ, आलं-लसूण लावलेलं मटण मी भांड्यात घातलं, वर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण. आबा आले, भिंतीला टेकून बसले. काचेआड रस्सा हळूहळू हलत होता आणि ते दुसरीकडे बघत असल्याचं दाखवत होते. जेवूनच जा, असं ह्यांनी म्हटल्यावर आबा "बघू" म्हणाले. एरवी सरळ नाही म्हणणारा माणूस.

आणि लाइट गेली.

मटण प्रेशर कुकरमध्ये ओतायला मी उठले, तर हे आडवे आले. मध्येच झाकण उघडलं की आच जाते, असं भांडं देणाऱ्यानं बजावलं होतं. लाइट आत्ता येईल, म्हणाले. मी बसून राहिले. अधूनमधून काचेला हात लावायची, ती निवत चालली होती. आबा घड्याळ बघायला लागले, त्यांच्या शेवटच्या एसटीची वेळ जवळ आली होती. मला ह्यांचा राग आला, भांड्याचा आला, आबांचा तर सगळ्यात जास्त. शेवटी ह्यांना न जुमानता झाकण काढलं. फोड दाबून पाहिली, नुसतं रबर. सगळं कुकरमध्ये ओतलं आणि स्टो पेटवला.

पहिली शिट्टी व्हायच्या आत आबा उठले. गाडी चुकेल म्हणत चपला पायात सरकवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता, तो मला सहन झाला नाही.

"आबा, मला मूल हुणार न्हाय. डॉक्टरनं सांगितलंय. आता कशाची वाट बघताय?"

हे मान खाली घालून बसले. आबा उंबऱ्यात तसेच उभे. जेवले तर बावड्यात भावकी त्यांना जाब विचारणारच, हे मला कळत होतं. पण आता ते गेले तर आपणही माहेरच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, हेही मी मनात पक्कं केलं.

त्यांनी चपला काढल्या. मोरीत जाऊन आमच्या बादलीतल्या पाण्यानं हातपाय धुतले आणि मांडी घालून बसले. एसटी गेली. आता वडापची जीप मिळाली तर मिळाली.

आबांचं मन फिरायच्या आत कुकर मी घाईनंच उतरवला, त्यामुळे मटण पुरतं शिजलं नव्हतं. आबांच्या दाढा कधीच पडल्या होत्या. भाकरी कुस्करून त्यांनी रस्सा ओतून घेतला, एकेक फोड या गालातून त्या गालात घोळवत राहिले आणि शेवटी तशीच गिळली. मी वाढत होते आणि रडत होते. ताटात काही न टाकता आबा उठले, आमच्या तांब्यातलं पाणी प्यायले.

"डब्यात थोडं भर, बाय," ते म्हणाले. "तुझ्या आईलाबी इतकी वर्सं मीच उपाशी ठिवलंय."