साड्यांबरोबर आलेल्या गोष्टी

दुपारची जेवणं उरकली, भांडी झाली आणि घर शांत झालं की मला आजही आमचा नाशिकच्या इंदिरानगरातला व्हरांडा आठवतो. फरशीवर पसरलेल्या जुन्या साड्या, एका टोकाला वहिनी, दुसऱ्या टोकाला मी, आणि मधे कुणीतरी बाई. आलेली असायची गोधडी शिवायला टाकायला, आणि बसलेली असायची बोलत. आता माझ्याकडे जागा आहे, वेळही पुष्कळ आहे, पण तशी दुपार नाही.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्हा दोघींचे नवरे अंबडच्या कारखान्यांत कामाला. नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन आले तेव्हा इंदिरानगर अजून वस्ती म्हणावी इतकं भरलेलं नव्हतं. दोन घरं झाली की एक मोकळा प्लॉट, त्यात गाजरगवत. पोरं-पुरुष बाहेर पडले की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मी माहेरी गजबजलेल्या गल्लीत वाढलेली. मला ती शांतता खायला उठायची. वहिनी निफाडच्या. तिकडची थंडी ज्यानं सोसली आहे त्याला तिकडच्या बायका गोधड्या एवढ्या जाड का शिवतात हे विचारावं लागत नाही. माझा मुलगा झाला तेव्हा त्यांनी माझ्या दोन आणि स्वतःच्या आईची एक साडी घेऊन दुपटं शिवलं. शेजारणीनं ते वाळत घातलेलं पाहिलं आणि विचारलं, "असं मला मिळेल का?" तिथून आमचा धंदा सुरू झाला.

त्याला धंदा म्हणायला आम्हाला कितीतरी दिवस लागले. पाटी नव्हती, जाहिरात नव्हती. कुणाच्या बाळंतपणात आमचं दुपटं जायचं, तिथे आलेली पाहुणी पदर सावरत विचारायची, "कुठून आणलंत?" आणि पुढच्या आठवड्यात ती साड्यांचं गाठोडं घेऊन दारात उभी असायची. वहिनींची एक रीत होती. आधी पाणी, मग गाठोडं सोडायचं, मग प्रत्येक साडीवर हात फिरवून विचारायचं, "ही कुणाची?" बाई सांगायला लागायची. ही सासूची, ही धाकट्या बहिणीच्या लग्नातली, ही नको, ही त्यांना आवडायची नाही. बोलणं पुरतं संपेपर्यंत वहिनी कात्री हातात घ्यायच्या नाहीत.

एकदा मी म्हटलं, "वहिनी, यात किती वेळ जातो आपला."

"जाऊ दे की," त्या म्हणाल्या. "कोणती मधी घ्यायची अन् कोणती कडंला, ते मला कसं कळंल मग? आईची साडी पायाकडं आली तर बाईला झोप नाय लागायची."

मला वाटतं, त्या बायका परत परत आमच्याकडे यायच्या त्या टाक्यांसाठी नव्हे. गोधडी शिवणाऱ्या नाशकात कमी नव्हत्या. पण असं विचारणारं माणूस घरीसुद्धा क्वचितच मिळतं.

बरीच वर्षं असं चाललं. मोकळे प्लॉट भरत गेले, बंगल्यांच्या जागी इमारती आल्या. पुढे आमची नणंद पुण्याहून मार्केटिंगचा कोर्स करून परतली. घरातलं शेंडेफळ, उत्साहानं नुसती फुललेली, आणि आमच्या दोघींवर तिचा जीव. तोवर घरात कॉम्प्युटर आला होता, इंटरनेटही आलं होतं. त्या काळात सगळी तरुण मंडळी ज्या एका साइटवर पडलेली असायची तिथे तिनं आमच्या गोधड्यांचं पान उघडलं. डिजिटल कॅमेऱ्यानं फोटो काढले. पहिल्याच आठवड्यात अमेरिकेतून एका मुलीचा निरोप आला: माझ्या आजीच्या घरी अशीच होती. नणंदेनं तो मोठ्यानं वाचून दाखवला. वहिनींनी तो तिला पुन्हा वाचायला लावला.

सुरुवात इतकी छान होती, म्हणूनच पुढचं आठवलं की हळहळ वाटते.

पानाला किती लोक जोडले गेले यावर नणंदेचा दिवस चांगला की वाईट ते ठरायला लागलं. आकडा वाढावा म्हणून ती दिसेल त्या गटात शिरली. द्राक्ष बागायतदारांचा गट, स्पर्धा परीक्षावाल्यांचा गट, कुठल्याशा नटाच्या चाहत्यांचा गट. सगळीकडे रोज सकाळी तोच फोटो, तोच मजकूर. कुणी वैतागून लिहिलं की इथे कशाला हे, तर ती म्हणायची, "निदान बघितलं तरी त्यानं." आणि जे आपणहून विचारत होते त्यांना उत्तरच जायचं नाही. नागपूरच्या एका गृहस्थांनी विचारलं होतं की सुती साड्या धुतल्यावर आटतात का. साधा प्रश्न. ते बिचारे तीनदा विचारून थकले.

वहिनी एकदा तिच्या खुर्चीमागे उभ्या राहून हे बघत होत्या. म्हणाल्या, "ताई, दारात आलेल्याला पाणी विचारायचं सोडून तू रस्त्यावर हाका मारत बसली."

"अगं वहिनी, इथे असंच असतं."

दिवाळीला तिनं 'दोन गोधड्यांवर एक मोफत' अशी योजना टाकली. साड्या लोकांच्याच असायच्या. त्यामुळे फोन करणारे विचारायचे, तिसरीच्या साड्या तुम्ही देणार का? कुणाच्या? वहिनी हसून हसून बेजार झाल्या. "दोन आयांवर तिसरी आई फुकट," असं त्या कितीतरी दिवस म्हणत होत्या. नणंदही हसली. तेव्हा आम्ही तिघी एकत्र हसत होतो.

त्याच हिवाळ्यात जवळच्या शाळेतल्या एक बाई आल्या. चाळिशीच्या पुढच्या, लग्न न केलेल्या. त्यांची आई नुकतीच गेली होती आणि नऊवारी साड्या घेऊन त्या आल्या होत्या. एका साडीच्या पदराला स्टोव्हनं जळल्याचं भोक होतं. "हे झाकू नका," म्हणाल्या. वहिनींनी नेहमीसारखं विचारलं आणि बाई आधी जपून, मग भडभडून बोलल्या. आईला शेवटी शेवटी काहीच आठवत नव्हतं. लेकीला ती 'तुम्ही कोण' म्हणून विचारायची, पण तो जळका पदर मुठीत धरल्याशिवाय झोपायची नाही. परदेशात एक भाऊ होता, त्याला रजा मिळाली नव्हती. त्याला बाईंनी फोनवर सांगितलं होतं, आई शेवटपर्यंत तुझं नाव घेत होती. आईनं त्याचं नाव कित्येक महिन्यांत घेतलं नव्हतं.

नणंद तेव्हा आत होती. खिडकी उघडी होती.

गोधडी झाली. वहिनींनी तो पदर अगदी मधोमध घेतला होता. नणंदेनं फोटो काढला, आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. ती सगळ्याच गोधड्यांचे काढायची. मजकूर काय लिहिला ते आम्ही दोघींनी वाचलं नाही. तिनं सगळंच लिहिलं होतं. विसरलेली आई, पदर, परदेशातला मुलगा, लेकीनं त्याच्यासाठी रचलेलं खोटं. नाव घातलं नव्हतं. खाली लिहिलं होतं, 'तुमच्याही आईच्या आठवणी जपा. नोंदणी सुरू.'

त्या फोटोखाली लोकांची नुसती रांग लागली. डोळे भरून आले, शब्द नाहीत, असं कोण कोण लिहीत होतं. कुणीकुणी तो मजकूर फोटोसकट उचलून आपल्या मित्रांना मेलनं पाठवला. नणंद आनंदानं घरभर फिरत होती. त्यातच एक ओळ आली: 'हे कृपया काढून टाका.' तिला वाटलं कुणी तरी खोडसाळपणा करतंय. तिनं ती ओळच पुसून टाकली. पुन्हा आली, पुन्हा पुसली. मग बाईंच्या एका मैत्रिणीनं रागावून लिहिलं, तर तिला पानावरूनच काढलं. चांगलं चाललेलं असताना वाईट काही दिसू द्यायचं नाही, असं तिला कोर्सात कुणी शिकवलं होतं की तिचं तिनंच ठरवलं होतं, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई घरी आल्या. वहिनी पाणी आणायला उठल्या तर त्या म्हणाल्या, "नको. बसायला नाही आले."

"काय झालं, बाई?"

"मी तुमच्यापाशी बोलले होते," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "माझ्या भावाला ते कुणीतरी पाठवलंय. जळका पदर बघून त्यानं ओळखलं. रात्रीपासून तो फोन उचलत नाहीये."

वहिनींना काहीच कळेना. मी आत जाऊन नणंदेला पानावर काय आहे ते विचारलं आणि स्वतः वाचलं, तेव्हा मला उलगडा झाला. बाहेर येऊन मी वहिनींना हलक्या आवाजात सांगितलं. त्यांनी खाली बघितलं. नणंद मागोमाग आली, रडत म्हणाली, "मी तुमचं नाव कुठेच नाही घातलं हो." बाईंनी तिच्याकडे बघितलं आणि त्या निघून गेल्या.

मजकूर काढला, पण ज्यांनी पुढे पाठवला होता त्यांच्याकडून तो कोण काढणार? नणंदेनं घाबरून पानावर लिहिलं, 'काही तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' वहिनींनी ते मला वाचायला सांगितलं. ऐकल्यावर म्हणाल्या, "गैरसोय म्हंजे काय? नळाला पाणी नाय आलं ती गैरसोय." आणि त्यांनी चपला घातल्या. मीही निघाले.

बाईंच्या घरी वहिनी एवढंच म्हणाल्या, "बाई, माझ्या व्हरांड्यातून बाहेर गेलं. म्हंजे ते माझ्याच तोंडून गेलं." बाईंनी चहा केला. आम्ही तो प्यायलो. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि वहिनींनीही ते मागितलं नाही. निघताना बाई म्हणाल्या, "मला त्याला एवढं एक तरी द्यायचं होतं. तो येऊ शकला नव्हता ना."

पुढच्या वर्षी, थंडी सरता सरता, एक अनोळखी गृहस्थ आमच्या दारात आले. बाईंचे भाऊ. ताठ, नीटनेटके, पण बूट काढावेत की नाही यात घोटाळलेले. वहिनींनी बसवलं, पाणी दिलं. जरा वेळानं ते म्हणाले, "आईचं शेवटचं वर्ष कसं गेलं, ते ताईनं तुम्हाला सांगितलंय. मला ते ऐकायचंय. ती मला नीट सांगत नाही."

मला वाटलं वहिनी सांगतील. इतक्या लांबून आलेला माणूस, डोळ्यांत पाणी.

"नाय, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "ते तिचं हाय. तिलाच विचारा."

"विचारलं मी."

"परत विचारा. बसून विचारा. उभ्या उभ्या नाय सांगता येत असलं."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि ते उठले. पुढे बाई रस्त्यात भेटल्या तेव्हा त्यांनी मला सांगितलं की भाऊ मुक्काम वाढवून राहिला, आणि एका सकाळी दोघं ओट्यापाशी भाजी निवडत बसले असताना सगळं बोलणं झालं. जाताना ती गोधडी तो घेऊन गेला. "मीच दिली," त्या म्हणाल्या. त्या आमच्या घरी मात्र पुन्हा कधी आल्या नाहीत.

धंदा बुडाला नाही. नणंदेनं चुकांमधून शिकून घेतलं. ती विचारून फोटो टाकायची, प्रत्येकाला उत्तर द्यायची, आणि लग्न होऊन गेल्यावर तिनं तिकडे याच कामात चांगलं नाव केलं. ऑर्डरी येत राहिल्या, पार्सलं जात राहिली. बदल झाला तो व्हरांड्यात. बायका गाठोडं ठेवायच्या आणि माप सांगून निघायच्या. गोष्ट कानोकानी गेलीच होती. आणि एखादी बसलीच तर वहिनीच विचारायच्या नाहीत. साड्यांवरून हात फिरवायच्या, घडी घालून बाजूला ठेवायच्या. एकदा मी म्हटलं, "वहिनी, विचारा की." त्या म्हणाल्या, "नको बाई. ऐकलं की सांभाळावं लागतं." कोणती साडी मधे घ्यायची ते मग रंग बघून ठरायला लागलं.

वहिनींचे यजमान निवृत्त झाल्यावर ती दोघं निफाडला राहायला गेली. वहिनींची बोटं आता सुईवर चालत नाहीत. गोधड्या मीही कधीच्या थांबवल्या. लोक मला म्हणतात, आता फोनवरून केवढं मोठं करता आलं असतं. आलं असतं, खरंच. पण मला मोठं नको होतं. मला ती दुपार हवी होती, कुणाच्या तरी सासूची तक्रार अर्ध्यावर आलेली, चहा गार होत चाललेला, आणि कुणालाही कुठे जायची घाई नसलेली.

परवा वहिनींचा फोन आला. द्राक्षबागेची छाटणी झाली, पाणी कमी आहे, गुडघे दुखतात, असं सांगत होत्या. मग म्हणाल्या, "ये की दोन दिवस. नुसतं बसू." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर पिशवीत काय काय भरायचं याचा विचार करत मी बराच वेळ तिथेच उभी होते.