मार्था सिस्टरांच्या विरोधात माझी सही

“डिप्थेरिया आहे,” टॉर्च विझवत डॉक्टर म्हणाले. डिप्थेरिया म्हणजे घटसर्प. माझ्या पाच वर्षांच्या नंदाच्या घशात पांढरट पडदा धरला होता, आणि मी घरी चार दिवस तिला हळद-मध चाटवत बसले होते. गावात लस टोचायला बाई आली तेव्हा आमची ऊसतोड चालू होती. ‘पुढच्या खेपेला बघू’ म्हणून मीच तिला परत पाठवलं होतं. ज्यांच्या घरी लहान पोर आहे त्यांनी तरी माझ्यासारखं करू नये.

एकाहत्तरची लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती. नंदाचे वडील फौजेत, लांब सरहद्दीवर. कराडहून रेल्वेनं मी पोरीला मिरजेच्या दवाखान्यात आणलं. त्याच दुपारी तिचा श्वास घरघरायला लागला. डॉक्टरांनी ट्रॅकिओस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासासाठी धातूची दुहेरी नळी बसवली. त्यानंतर पोरीचं रडणं दिसायचं, ऐकू यायचं नाही.

तिच्याजवळ मार्था सिस्टर असायच्या. कपाळाला कायम आठी. “वैनी, हात लावू नका. वैनी, तिकडं सरका.” मला तर त्या डोळ्यांसमोर नको वाटायच्या.

“नळीत कफ अडकला की श्वास बंद,” त्यांनी सरळ सांगितलं. “तुम्ही देवाला हाक मारेस्तोवर पोर जाईल.” दर थोड्या वेळानं त्या मशीननं कफ ओढायच्या, आतली नळी काढून धुवायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोठे डॉक्टर आले. खाली बायकांच्या वॉर्डातली नर्स कामावर आली नव्हती.

“सिस्टर, आज दोन्हीकडं तुम्हीच बघा.”

“सर, हिला टाकून मी खाली जाणार नाही. नळी साफ करता येणारं माणूस इथं बसवा, या पावली जाते.”

“तिची आई बसलीय की.”

“आईला ते येत नाही.”

“ही ऑर्डर आहे.”

सिस्टरांनी नकार कागदावर लिहून दिला आणि पुन्हा स्टुलावर बसल्या. मी मनात म्हटलं, काय तोंडाळ बाई आहे! मोठ्या माणसाला असं बोलतात होय?

तासाभरात नंदा निळी पडली. मी नुसती ‘आगं माजी नंदा’ करत जागच्या जागी उभी. सिस्टरांनी आतली नळी खेचली, कफाचा घट्ट गोळा निघाला, मशीन लावलं. पोरीची छाती हलली. त्या खाली गेल्या असत्या तर? मी त्यांचे पायच धरले. “पाय सोडा, भांडं धरा,” त्या खेकसल्या.

बाराव्या दिवशी नळी निघाली. नंदा घोगऱ्या आवाजात पहिल्यांदा बोलली, “सिस्टर, पानी.” माझ्याकडं मागितलं नाही, पण मला काही वाईट वाटलं नाही.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून खुर्ची दिली. जन्मात कुठल्या डॉक्टरनं मला खुर्ची दिली नव्हती. “ताई, इथं सही करा. सुटीचे कागद आहेत.”

कागद मराठीत होते. मी सातवी पास. पण आपल्याकडं डॉक्टरनं पुढं केलेला कागद कोण वाचतं? वाचायला घेतला तर भरवसा नाही असं दिसतं. मी वळणदार सही केली.

दुसऱ्या दिवशी नारळ, खण, तांदूळ घेतले आणि नंदाला कडेवर घेऊन सिस्टरांच्या खोलीवर ओटी भरायला गेले. त्या ट्रंक भरत होत्या. नोकरीवरून काढल्याच्या पत्राला जोडलेली एका कागदाची कार्बन प्रत त्यांनी माझ्यापुढं धरली. सिस्टरांनी काम नाकारलं, माझ्या मुलीची हेळसांड केली, माझी तक्रार आहे. खाली माझी वळणदार सही.

“देवाशप्पत सिस्टर, मी वाचलंच न्हाई!”

“वाचता येतं ना तुम्हाला?”

मी तरातरा मोठ्या डॉक्टरांकडं गेले. “माजी सही परत द्या.”

“कागद ट्रस्टींकडं गेला. पोरगी बरी झाली ना? मग घरी जा.”

मेल्यानं केसानं गळा कापला, आणि तोही माझ्या हातानं, माझ्या लेकीचा गळा जपणाऱ्या बाईचा!

घरी आल्यावर खरी हकिकत लिहून ट्रस्टींना रजिस्टर टपालानं पाठवली. पोचपावती आली, उत्तर आलं नाही. सिस्टरांची नोकरी गेली ती गेलीच. पेशंटच्या जिवासाठी ‘नाही’ म्हणणाऱ्या नर्सला वाचवणारा एक नियम त्या दवाखान्यात नव्हता. साक्षीदार एकच होती, मी, आणि तीच फितूर झाली. तुमच्यावर अशी वेळ आली तर कागद आधी वाचा. आणि एखादी सिस्टर तुमच्या माणसाच्या उशापासून हलायला तयार नसेल, तर तिच्या बाजूनं तोंड उघडा.

त्या दिवशी परतीच्या गाडीत नारळ माझ्या ओच्यात तसाच होता. गळ्यावरच्या पट्टीला हात लावून नंदानं विचारलं, “आई, सिस्टरची वटी का न्हाई भरलीस?”

माझ्या गळ्याला भोक नव्हतं, तरी आवाज फुटला नाही.