बातमी पायी येते

इटारसी मागे पडलं तशी मी पर्समधून फणी काढली. शाळेपासूनची मैत्रीण सात वर्षांनी भेटणार, तर निदान केस तरी जागेवर असावेत. नलू लग्नानंतर पुण्याहून भोपाळला गेली. नवरा पिपलानीच्या कारखान्यात इंजिनिअर. ती तिथलीच होऊन गेली. पण रोज सकाळी तिच्याकडून फुलाचं चित्र येतं आणि मी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवते. आजवर एका दिवसाचा खाडा नाही. आमच्या मैत्रीचा मला भारी अभिमान होता.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यापुढे मी मोबाइलवरचा नकाशा धरला. तो म्हणाला, "इसे रख लो आंटी, मुँह से बता दो." तोंडाने सांगता सांगता दोन वळणं चुकली, पण पिपलानी येईपर्यंत त्याच्या मुलीची बारावी मला पाठ झाली होती.

नलू फाटकातच उभी होती. बारीक झाली होती. मिठी मारली, चहा झाला, आणि मग बोलणं अडखळलं. मी नातवाचा फोटो पुढे केला, ती म्हणाली, "पाहिलाय गं." तिने बागेतला गुलाब दाखवला, मी म्हटलं, "पाहिलाय." सगळंच दोघींनी पाहिलेलं. मला भीती वाटली. इतक्या वर्षांत आमच्यात फक्त फुलं आणि अंगठेच उरले की काय?

सकाळी पोहे-जिलबी झाली. पोह्यांवर शेव आणि जीरावन (भुरभुरायचा आंबट-तिखट मसाला). असे पोहे पुण्यात मिळत नाहीत, हे मी पुणेकर असून कबूल करते. मग सिटी बसने नेहरूनगरला निघालो, नलूच्या मैत्रिणीकडे, कुसुमताईंकडे. त्या मूळच्या नागपूरच्या. बसमध्ये मी आमचा दोघींचा फोटो काढून नलूच्या नावासकट मोबाइलवर सगळ्यांना दिसेल असा टाकला.

कुसुमताईंनी दार उघडलं ते फुरंगटूनच. "तुम्ही तर बातमी फोडली जी! सुनेनं आत्ताच फोटो दाखवला. नलू तुम्हाला घेऊन येणार, अन् मग मी चकित होणार, असं असते आमच्यात."

त्यांचा नियम तेव्हा कळला. कुसुमताई धरून नलूच्या इथल्या पाच मैत्रिणी बरीवाईट कुठलीच बातमी फोनवर सांगत नाहीत. फोनवर एवढंच विचारायचं, 'घरी आहेस का?' मग बस पकडायची आणि समोर बसून सांगायचं. ऐकणाऱ्या बाईने गॅस बंद करून बसायचं. मी हसले. रिकामपणचे उद्योग, दुसरं काय!

"हसू नका," कुसुमताई म्हणाल्या. "नलूच्या ऑपरेशनच्या टाइमाला आम्ही बारीबारीनं जात होतो. एक दिवस एकटी नाही सोडलं तिला."

"कसलं ऑपरेशन?"

कुसुमताईंनी नलूकडे पाहिलं. नलू बशीतल्या चिवड्याकडे पाहत राहिली.

तिथून आम्ही शाहपुऱ्याच्या तलावावर गेलो. काठावर फिरणाऱ्यांची गर्दी होती. बाकावर टेकताच मी तडकले. "मला का नाही सांगितलंस? रोज फूल पाठवायला वेळ होता तुला!"

"छातीत गाठ होती. काढली. आता रिपोर्ट चांगले आहेत," ती शांतपणे म्हणाली. "ऑपरेशनच्या आधी तुला विचारलं होतं मी, घरी आहेस का म्हणून. तिकीट काढून येणार होते पुण्याला. तू अंगठा पाठवलास. अंगठ्यावर कोण तिकीट काढतं, सांग बरं?"

मला तो अंगठा आठवेनासुद्धा. लाजेने मान खाली गेली. मी मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, "आता सांग. पहिल्या दिवसापासून."

तिने सांगितलं. डॉक्टरांच्या खोलीतला पंखा कसा कुरकुरत होता, कुसुमताईंनी वेणी कशी घालून दिली, ती कधी आणि कशावरून रडली. मग मीही तोंड उघडलं. हे गेल्यापासून काही दिवस असे जातात, की दूधवाल्याशिवाय कुणाशी शब्द होत नाही. हे मी पोटच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. तलावावरचं ऊन उतरलं तरी आम्ही बोलत होतो.

निघायच्या दिवशी कुसुमताई दोन बस बदलून पिपलानीला आल्या, हातात संत्र्याची बर्फी. म्हणाल्या, "आता तुम्ही सहाव्या. नियम मोडाल तर बर्फी बंद."

पुण्यात आल्यावर फुलं थांबली. लोकांना वाटेल, मैत्री आटली. मी मात्र शेजारच्या वहिनींकडे आता निरोप न पाठवता स्वतः जाते, आणि त्या गॅस बंद करतात.

काल दुपारी नलूचा निरोप आला. ना फूल, ना नमस्कार.

'पुढच्या आठवड्यात घरी आहेस का?'

बातमी बरी की वाईट, कोण जाणे. पण त्या पाच जणींकडे जाते तशीच ती समोर बसून सांगायला माझ्याकडेही निघाली होती, आणि त्या अभिमानाने ऊर भरून आला. चष्मा पुसून मी एकेक अक्षर नीट लिहिलं, 'आहे. ये. स्टेशनवर न्यायला येते.'