पाळकसाहेब, तुम्ही आला नाहीत

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून त्या खाटेवरच आहेत. आमच्या चर्चच्या मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकर खायची आणि प्याल्यातला द्राक्षरस घ्यायचा. ज्यांना देवळात येता येत नाही त्यांच्या घरी पाळकसाहेबांनी दुपारी भाकर आणि प्याला घेऊन जायचं, अशी पहिल्यापासूनची रीत. सासूबाईंनी धडधाकट असताना एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. खाटेवरून त्या तेवढंच मागत होत्या.

तीन महिने पहिल्या रविवारी मी अंगण झाडलं, स्टुलावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं. प्रभुभोजनाआधी काही खायचं नाही, हा सासूबाईंचा नेम. त्या सकाळपासून उपाशी राहायच्या. चार वाजता मी फडक्याची घडी करायचे आणि त्यांना पेज पाजायचे.

"उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडला असंल," त्या म्हणायच्या.

पाळकसाहेबांची गाडी सभांसाठी संगमनेरला मात्र वेळेवर पोचायची. हे मी सासूबाईंना सांगितलं नाही.

मग मंडळीची वार्षिक सभा झाली. मी मागच्या भिंतीला टेकून बसते. चार यत्ता शिकलेली बाई, देवाची साक्ष द्यायलासुद्धा कधी उभी राहिले नव्हते. पाळकसाहेबांनी अहवाल वाचला, "सर्व आजाऱ्यांना दर महिन्यास घरी प्रभुभोजन देण्यात आले." सगळे आमेन म्हणाले. सवयीनं माझ्याही तोंडून आमेन निघालं. त्याची मला इतकी चीड आली की मी उभीच राहिले.

"पाळकसाहेब, आमच्या घरी तुम्ही आला नाहीत."

शेजारणीनं पदर ओढला. "बस की गं खाली! पाव्हणे आल्यात."

"बाई, आपण नंतर बोलू," पाळकसाहेब म्हणाले.

"तीन महिने नंतरच चाललंय. म्हातारी उपाशी बसती."

पुढच्या रांगेतले मंडळीचे थोरले पंच मागं वळले. "पाळकाला जाब इचारतीस व्हय?"

"मग कुणाला विचारू? मेंढरांना?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी खाली बसले.

त्याच दुपारी पाळकसाहेब आले. सासूबाईंनी विचारलं, "साहेब, वाट चुकला व्हता का?" त्यांनी स्टुलावर भाकर आणि प्याला मांडला. सासूबाईंनी भाकर घेतली, प्याला घेतला, पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "आता जेवाया वाढ."

दुसऱ्या दिवशी पंचांचा निरोप आला. मी मंडळीसमोर माफी मागायची, तोवर मला प्रभुभोजन नाही.

माफी कशाची? आमच्या घरी ते आले, पण अहवालातलं ते वाक्य अजून तसंच आहे. ओढ्यापलीकडं एक आंधळे बाबा एकटे राहतात. काल मी मुद्दाम तिकडं जाऊन विचारून आले. तेही वाट बघून थकलेत.

येत्या पहिल्या रविवारी मी भिंतीला टेकणार नाही, पहिल्या रांगेत बसणार आहे. भाकरीचं ताट माझ्यासमोरून पुढं नेलं तर नेऊ देत. ताट फिरून झालं की मी उभी राहणार आणि सगळ्यांदेखत विचारणार, "पाळकसाहेब, आंधळ्या बाबांकडं आज किती वाजता जाताय? मी बरोबर येते."