ढगात दोघी, मूग गच्चीवर

बावीस वर्षं मी धुळ्याच्या शाळेत जलचक्र शिकवतेय, पण फळ्यावरचा सोडून एकाही ढगाला हात लावलेला नव्हता. या भाद्रपदात ठरवलं, सातपुड्यात पाल गावाला जायचं आणि ढगात शिरायचं!

वाटेत असोद्याहून थोरल्या बहिणीला, अक्काला, उचलायचं होतं. तिनं नुकत्याच तोडलेल्या मुगाच्या शेंगा गच्चीवर वाळत घातलेल्या. भिजल्या तर शेंगेतच मोड येतात आणि वर्षाचा मूग गेला.

"पानी ई का?" अक्कानं विचारलं.

निळंभोर आभाळ बघून मी छाती काढून म्हणाले, "थेंबही नाही. भूगोलाची बाई सांगतेय!"

तिनं जिन्याला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली.

भुसावळला लांबून दीपनगरच्या वीजकेंद्राची पांढरी वाफ दिसली. "हाऊच ढग!" अक्का म्हणाली. तसं फार चुकीचं नव्हतं. फैजपूरला शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, दोघींचं अडीचशेत पोट फुटेस्तोवर. पेट्रोल इथेच भरा. खिरोद्यानंतर घाट अरुंद आहे, हॉर्न वाजवत जा.

पालच्या अलीकडे ढग रस्त्यावरच आला. आम्ही गाडी थांबवून आत धावलो. पन्नाशीच्या दोन बाया, तोंडं वासून!

"आनि पाऊस कोठे शे?"

मी सांगितलं, ढगातले हे पाण्याचे कण फार हलके, हवेतच तरंगतात. वाफ थंड होऊन धुळीच्या कणांना चिकटते, थेंबुकले एकमेकांवर आपटून एक होतात आणि जड झाले की खाली. अक्काला पटेना. मग ती सागाच्या पानाकडे टक लावून बसली. पानावर तीन थेंब घरंगळत एक झाले आणि टपकन तिच्या नाकावर पडले. "पडना! पडना!" ती टाळ्या पिटत नाचली. मीही नाचले.

तेवढ्यात गाडीच्या टपावर ताडताड सुरू झालं. अक्का थिजली.

"मना बठ्ठा मूग!"

सगळा मूग उघड्यावर, आणि शेजाऱ्यांना फोन करून उपयोग नव्हता, जिन्याची किल्ली अक्काच्या कमरेला. मी गाडी हाणली. खिरोद्यात पाऊस, फैजपुरात पाऊस. मला रडू यायचं बाकी होतं. तापीचा पूल आला आणि पलीकडचा रस्ता कोरडा ठणठणीत! आम्ही इतक्या ओरडलो की एक ट्रकवाला वळून बघत राहिला.

गच्चीवर उन्हात शेंगा खुळखुळ वाजत होत्या. अक्कानं त्या गोळा केल्या, लुगडं बदललं, ढगात भिजलेलं ओलं लुगडं दोरीवर टाकलं. त्यातून निघणाऱ्या वाफेला हात करून म्हणाली, "जाय वो माय, पालले परत."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नेहमीचं चित्र काढलं: समुद्र, डोंगर, ढग. मग डोंगराखाली एक गच्ची काढली, तिच्यावर वाळणारं लुगडं आणि लुगड्यातून वर जाणारा बाण.