थांबलेला आकडा

आम्रपाली म्हणजे माया सख्ख्या भावाची पोट्टी. बालाघाटच्या आमच्या वॉर्डात तिचं काम कोणालेच समजत नाई. बायका मले विचारतात, "शेवंताबाई, तुमची भाची दिवसभर रंगीत चित्रं काहून पाहाते वो?"

अवो, वाफ कोंडलेल्या टाकीवर कुठं किती ताण येते, ते कम्प्युटरवर काढून देते ती, नागपूरच्या एका कारखान्यासाठी. निळा रंग म्हणजे ताण कमी, लाल म्हणजे जास्त. एवढं मलेबी समजते. पण त्याच्या पुढचं जे हाय ना, त्यानंच आमचं घर बुडवलं.

तिचा बाप वसंता राइस मिलमध्ये बॉयलरवर होता. धान वाफवायची वाफ ज्या टाकीत कोंडतात, ती त्याच्याच हाताखाली. मागल्या वर्षी सेठनं हौसेनं त्या टाकीचं चित्र पोट्टीकडून काढून घेतलं. एका कोपऱ्यात लालभडक! सेठच्या तोंडचं पाणीच पळालं. मिल बंद. तवा तिनं समजावलं. कम्प्युटर टाकीवर जाळी टाकते अन् जाळीच्या एकेका घरातला ताण मोजते. जाळी बारीक करत गेलं अन् आकडा वाढतच राह्यला, तर तो लाल खोटा, चित्रातल्या टोकदार कोपऱ्याचा खेळ. आकडा एका जागी थांबला, तर तो खरा. त्या वेळी आकडा वाढतच होता, अन् खऱ्या टाकीचा कोपरा तर गोल होता. मिल चालू झाली.

मंग काय, वसंता हवेतच! चहाच्या टपरीवर, विहारात, जिथं तिथं सांगे, "लाल म्हणजे खोटं. माया पोरीनं शोधून काढलं." अर्धंच सांगे बापा. अन् मी कौतुकानं ऐकत बसे.

या हंगामात सेठनं टाकीले नवं भोक पाडलं अन् दुसरा पाइप जोडला. पोट्टीनं पुन्हा चित्र काढलं. भोकाभोवती लाल. तिनं जाळी बारीक केली, अजून बारीक केली. आकडा थांबला. त्या दिवशी ती जेवलीच नाई. मिलमध्ये जाऊन म्हणे, "सेठजी, भोकाभोवती जाड कडं बसवल्याशिवाय टाकीत वाफ सोडू नका."

सेठ म्हणे, "बेटी, लाल तो पिछली बार भी था. सीजन निकलने दे."

पालथ्या घड्यावर पाणी! तिनं नागपूरले कळवलं, इथल्या बॉयलर तपासणाऱ्या सरकारी साहेबाले फोन केला. कोणी पाहातो म्हणे, कोणी येतो म्हणे. आलं कोणीच नाई.

मंग तिनं बापापुढं हात जोडले. "बाबा, आताचा लाल खरा हाय. जाऊ नका."

"अवो, तूच तर शिकवलं मले," वसंता हसला. डबा उचलला अन् गेला.

टाकी त्या भोकापासूनच फाटली.

दवाखान्यात माया भाऊ मलेच ओळखू येत नव्हता. खाटेजवळ मी, पोट्टी अन् सेठनं सोबत धाडलेला मिलचा राजू. वसंतानं कसंतरी तोंड उघडलं. "पोरी, आकडा थांबला होता का?"

या पोट्टीनं जल्मात कोणाले खोटा आकडा सांगितला नाई. ती म्हणाली, "नाई बाबा. वाढतच होता. तुमी बरोबर होते."

त्याच्या चेहऱ्यावर जरा बरं वाटल्यावानी झालं. सांजेपर्यंत तो सरला.

राजूनं ते बोलणं जसंच्या तसं सेठच्या कानावर घातलं. आता चौकशीत सेठचा वकील म्हणते, लाल खोटा असल्याचं पोरीनंच कबूल केलं, साक्षीदार हाय. जळो त्याचं तोंड!

मी म्हणली, "आमू, चौकशीच्या साहेबापुढं उभी राह्य अन् सांग, बाप मरून राह्यला होता म्हणून खोटं बोलली. कम्प्युटरात तर सारं हाय ना?"

"हौ, हाय," ती म्हणे. "पण मंग वकील म्हणन, पोरीनं हात जोडले तरी तो गेला. बाबाचीच चूक ठरन, आत्या. अन् मी त्यायले म्हणली होती, तुमी बरोबर होते."

सोमवारी चौकशीची पेशी हाय.